रेघ आणि तडा

लोणावळ्यात पारशी मंडळींची एक अग्यारी आहे. तिच्यातला अग्नी मूळचा एडनचा. 1976 साली तो एअर इंडियाच्या विमानातून समुद्रापार आणला गेला आणि घाट चढून लोणावळ्यात स्थिरावला. एडनमध्ये त्याची निगा राखायला तोवर फारसे पारशी उरलेच नव्हते, आणि ज्या राज्याची ते शहर राजधानी होतं ते अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य होतं.

त्याच एडनच्या तुरुंगात 17 फेब्रुवारी 1883 रोजी वासुदेव बळवंत फडक्यांनी प्राण सोडला. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. त्यांना एडनलाच का नेलं, हे मात्र शाळेत कुणी विचारत नाही. उत्तर साधं आहे. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कॅप्टन हेन्सनं 19 जानेवारी 1839 रोजी ते बंदर घेतलं आणि पुढं 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबईकडे राहिला. मग पाच वर्षं तो थेट दिल्लीकडे गेला आणि 1937 साली एडन ब्रिटिश राजसत्तेची स्वतंत्र वसाहत झाली. भारतीय रुपया तर तिथं 1951 पर्यंत चालत होता. गंमत अशी, की ज्या हेन्सनं हे बंदर मिळवून दिलं, त्यालाच खजिन्यातल्या तुटीपायी मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं काढावी लागली. सुटला आणि लगेच मेला.

आणखी एक धागा मराठवाड्यातला. परभणी, नांदेड, औरंगाबादेत चाऊस आडनावाची घरं आहेत. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या हद्रामौतच्या अरबांचे हे वंशज. हद्रामौत म्हणजे आजच्या येमेनचा पूर्व भाग. त्याच फौजेतल्या एका जमादार घराण्यानं, कुऐती घराण्यानं, हैदराबादेत कमावलेल्या पैशाच्या बळावर हद्रामौतच्या किनाऱ्यावर स्वतःची सल्तनत उभी केली. तिच्या सुलतानांचं एक पाऊल कायम हैदराबादेत असे.

हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण येमेन हा आपल्याला वाटतो तितका लांबचा देश नाही. पण या पुस्तकाचा विषय आपण नाही. तेव्हा हे धागे इथंच सोडतो.

येमेनबद्दल वृत्तपत्रांतून जे वाचायला मिळतं त्याचा साचा ठरलेला असतो. उत्तर येमेन आणि दक्षिण येमेन असे दोन देश होते, 1990 साली ते एक झाले, मग पुन्हा भांडले. नकाशावर एक रेघ दाखवली की काम झालं. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, की त्या रेघेकडे बघता बघता घराच्या भिंतींना गेलेले तडे आपल्या नजरेतून सुटतात. या देशाचे निकाल रेघेवर क्वचितच लागले. ते लागले उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या आपापसांतल्या तड्यांवर. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका समजुतीवर उभी आहे. ती पटली नाही तर पुस्तकही पटणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आधी रेघेचीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात येमेनवर दोन बाहेरच्या सत्ता होत्या. इंग्रजांना एडनचं बंदर हवं होतं, कोळसा भरायला आणि 1869 नंतर सुवेझच्या वाटेवर नजर ठेवायला. बंदरामागच्या डोंगराळ मुलखात त्यांना रस नव्हता. तिथल्या सुलतान-शेखांशी तह करायचे, वर्षासन बांधून द्यायचं आणि दुसऱ्या कुणाला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं धोरण. दुसरीकडे तुर्क 1849 साली हुदैदाच्या किनाऱ्यावर उतरले आणि 1872 साली सना शहरात पोचले. दोघांचे हात एकमेकांना लागू लागले तेव्हा 1902 ते 1905 या काळात मोजणीदारांनी डोंगरांतून सीमा आखली. 1914 साली तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. चार वर्षांत तुर्क निघूनही गेले. रेघ मात्र राहिली.

ही रेघ ना पंथाची होती ना भूगोलाची. येमेनमधली जुनी विभागणी वेगळीच आहे. सनाच्या वरचा कोरडा डोंगराळ मुलूख झैदींचा. झैदी हा शिया पंथाचाच एक फाटा, पण इराणातल्या शियांपेक्षा बराच निराळा आणि आचारात सुन्नींच्या जवळचा. नवव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं प्रेषितांच्या वंशातले, म्हणजे सय्यद घराण्यांतले, इमाम सत्ता सांगत आले. सुमारा घाट उतरला की इब्ब आणि ताइझचा हिरवा, पावसाचा, शेतीचा प्रदेश लागतो. तो शाफई सुन्नींचा. लोकसंख्या दाट, व्यापार त्यांच्या हाती. बंदुका आणि सत्ता वरच्यांच्या हाती. म्हणजे ज्याला आपण ‘उत्तर येमेन’ म्हणतो त्याच्या पोटातच एक उत्तर-दक्षिण आहे, आणि ताइझचा माणूस सनापेक्षा एडनला मनानं जवळचा आहे.

तुर्क गेल्यावर 1918 साली सना इमाम याह्यांच्या हाती आलं. त्यांनी देश बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद केला. 1934 साली दोन तह करावे लागले. सौदींशी युद्ध हरल्यावर ताइफच्या तहानं असीर, नजरान आणि जिझान गेले. इंग्रजांशी सनाचा तह करून ती रेघ चाळीस वर्षांपुरती मान्य करावी लागली. उपाशी शेतकरी आणि शिकू पाहणारी पोरं तिच्या पलीकडे एडनला जाऊ लागली. बंदरात हमाली, मुअल्लाच्या गोद्यांत काम, 1954 नंतर तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी. इमामाविरुद्धची पहिली संघटना, ‘मुक्त येमेनी’, 1944 साली एडनमध्येच उभी राहिली. 1948 साली इमाम याह्यांचा खून झाला, पण त्यांचे पुत्र अहमद यांनी टोळ्यांना हाताशी धरून गादी परत मिळवली. मोबदला म्हणून टोळ्यांना सना लुटू दिलं. सनाचे लोक ते विसरलेले नाहीत.

26 सप्टेंबर 1962 रोजी अब्दुल्ला सल्लाल यांच्या नेतृत्वाखाली लष्करी अधिकाऱ्यांनी नव्या इमामाला, मुहम्मद अल-बद्र यांना, गादीवर बसल्यावर आठवड्याभरातच हाकललं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. पुढं आठ वर्षं यादवी. प्रजासत्ताकाच्या पाठीशी नासरचा इजिप्त, इमामाच्या पाठीशी सौदी अरेबिया. एका टप्प्यावर इजिप्तचे सुमारे 70 हजार सैनिक येमेनच्या डोंगरांत अडकले होते. 1967 च्या जूनमध्ये इस्राएलकडून मार खाल्ल्यावर नासरनं सैन्य मागं घेतलं. इमामाच्या फौजांनी सनाला 70 दिवस वेढा घातला, तरी शहर पडलं नाही. 1970 साली तडजोड झाली. इमामाचं घराणं सोडून बाकी सगळे राजनिष्ठ प्रजासत्ताकात सामावून घेतले गेले. वेढा फोडण्यात खालच्या शाफई मुलखातल्या तरुण अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. वेढा उठल्यावर काही महिन्यांतच, 1968 च्या ऑगस्टमध्ये, त्यांना सैन्यातून बाजूला सारलं गेलं. सत्ता राहिली वरच्या टोळ्यांच्या शेखांकडे. नाव प्रजासत्ताक, धनी जुनेच.

दक्षिणेत 14 ऑक्टोबर 1963 रोजी रदफानच्या डोंगरांत इंग्रजांविरुद्ध बंदूक उचलली गेली. चार वर्षांनी, 30 नोव्हेंबर 1967 रोजी, स्वातंत्र्य मिळालं, पण अगदी अवेळी. जूनच्या युद्धात सुवेझ कालवा बंद पडला होता आणि तो 1975 पर्यंत बंदच राहिला. ज्या बंदरात जहाजांची रांग लागायची ते रिकामं झालं. इंग्रजांचा लष्करी तळ गेला, तळावरची रोजंदारी गेली. नव्या राज्याच्या हाती तारुण्य आणि घोषणा यांपलीकडे फारसं काही नव्हतं. डावा गट 1969 साली सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी देशाचं नाव ‘लोकशाहीवादी जनता प्रजासत्ताक’ झालं.

या राजवटीबद्दल न्यायानं लिहिणं अवघड आहे. 1974 च्या कुटुंब कायद्यानं बहुपत्नीत्वावर कडक बंधनं आली, मुलीची संमती सक्तीची झाली. शेजारच्या कुठल्याही देशात तेव्हा असं काही नव्हतं. मुली शाळेत गेल्या, वकील झाल्या. ‘कात’ हा तिथला चघळायचा पाला (आपल्या विड्यातला कात तो नव्हे). दुपारपासून रात्रीपर्यंत गालात धरून ठेवतात आणि निम्मा देश त्यावर चालतो किंवा थांबतो. 1977 साली दक्षिणेनं तो गुरुवार-शुक्रवार आणि सणासुदीपुरताच ठेवला, आणि हा कायदा बऱ्यापैकी पाळलाही गेला. दुसरीकडे, विरोधक नाहीसे होत होते, जमिनी बळकावल्या जात होत्या, हजारो माणसं देश सोडून पळत होती. आज एडनमधली वयस्क माणसं त्या काळाबद्दल हळवी होतात ती रस्ते, दिवे आणि शाळांच्या आठवणीनं. त्या हळवेपणाला मी खोटं म्हणणार नाही. फक्त जे बोलायला उरलेच नाहीत त्यांचीही आठवण ठेवावी, एवढंच.

दोन्ही येमेन 1972 साली लढले, 1979 साली पुन्हा लढले, आणि दोन्ही वेळा लढाई संपताच एकीकरणाचा करार केला. बाहेरच्याला हे विनोदी वाटतं. पण एकीकरण हे दोघांच्याही तोंडी कायम होतं, कारण त्यावर खऱ्या अर्थानं कुणाचाच हक्क नव्हता. दक्षिणेचे सर्वांत कट्टर नेते अब्दुल फत्ताह इस्माईल जन्मानं ताइझकडचे, म्हणजे ‘उत्तरेचे’. ज्यांना एकी खरोखर हवी होती त्यांचं काय झालं तेही पाहा. उत्तरेचे अध्यक्ष इब्राहिम अल-हमदी 11 ऑक्टोबर 1977 रोजी, एडनला जायच्या तोंडावर, सनामध्ये मारले गेले. त्यांच्या जागी आलेले अल-घश्मी 24 जून 1978 रोजी दक्षिणेच्या दूतानं आणलेल्या ब्रीफकेसमधल्या बॉम्बनं मेले. दोन दिवसांनी दक्षिणेचे अध्यक्ष सालिम रुबय्या अली यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. नऊ महिन्यांत तीन अध्यक्ष. मग सनाच्या खुर्चीवर छत्तीसेक वर्षांचा एक रणगाडा दलातला अधिकारी बसला. लोक म्हणाले, सहा महिने टिकेल. अली अब्दुल्ला सालेह 33 वर्षं टिकला.

आता 13 जानेवारी 1986. घाईतल्या वाचकाला मी सुचवेन, की त्या दिवसावरचं प्रकरण आधी वाचावं आणि मग मागं वळावं.

त्या सकाळी एडनमध्ये सत्ताधारी समाजवादी पक्षाच्या पॉलिटब्यूरोची बैठक होती. अध्यक्ष अली नासिर मुहम्मद स्वतः आलेच नाहीत. आला त्यांचा अंगरक्षक, आणि त्यानं गोळीबार सुरू केला. अली अंतर हे रदफानच्या काळापासूनचे लढवय्ये नेते जागीच ठार झाले. काही सदस्यांनीही पिस्तुलं बाहेर काढली. सशस्त्र बैठकांची त्यांना सवयच होती. अब्दुल फत्ताह इस्माईल खोलीतून जिवंत निसटले, पण त्या धुमश्चक्रीतून पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यानंतरचे दहा-बारा दिवस शहरात रणगाडे एकमेकांवर तोफा डागत होते. परदेशी नागरिकांना किनाऱ्यावरून उचलायला इंग्लंडच्या राणीची नौकाही आली आणि सोव्हिएत जहाजंही. ओळखपत्रावरचं जन्मगाव पाहून माणसं मारली गेली. मृतांची गणती कधीच धड झाली नाही. ती हजारांत होती, एवढं नक्की.

भांडण कशावरून होतं? सोव्हिएत धोरण, अर्थकारण, सनाशी संबंध वगैरे कारणं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण धूर खाली बसल्यावर जे दिसलं ते असं. जिंकले ते प्रामुख्यानं दाली, रदफान, याफाच्या डोंगरांतले. हरले ते अब्यान आणि शब्वाकडचे. वीस वर्षं वर्गसंघर्षाची भाषा बोलणारा पक्ष आठवड्याभरात जिल्ह्यांवर आला. अली नासिर हजारो अनुयायांसह रेघ ओलांडून सनाला गेले आणि सालेहनं त्यांना मांडीवर घेतलं. त्या पळालेल्यांत अब्यानचा एक लष्करी अधिकारी होता, अब्दरब्बो मन्सूर हादी. हे नाव लक्षात ठेवा.

एडनमध्ये उरलं ते खिळखिळं नेतृत्व. हद्रामौतचे अली सालिम अल-बीद पक्षप्रमुख झाले, कारण त्यांच्याहून मोठे बहुतेक मेले होते. मॉस्कोचा पैसा आटत होता. उत्तरेतलं मारिब आणि दक्षिणेतलं शब्वा यांच्या सीमेवर तेल सापडत होतं आणि ते काढायचं तर भांडून चालणार नव्हतं. 22 मे 1990 रोजी एडनमध्ये नवा झेंडा चढला, जर्मनीच्या आधी. उत्तरेची लोकसंख्या दक्षिणेच्या चौपटीहून जास्त, तरी मंत्रिपदं निम्मी-निम्मी वाटली. सैन्यं मात्र एक केलीच नाहीत. दक्षिणेच्या काही पलटणी उत्तरेत नेऊन ठेवल्या, उत्तरेच्या दक्षिणेत. लग्न लागलं, पण दोघांनीही उशाशी सुरा ठेवला.

त्याच वर्षी येमेन सुरक्षा परिषदेत होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यानं इराकवरच्या लष्करी कारवाईच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. सौदी अरेबियानं आधीच दात दाखवले होते. सुमारे आठ लाख येमेनी मजूर काही आठवड्यांत घरी परतले. त्यांच्या मनीऑर्डरींवर जगणारी गावं उघडी पडली. या एका भूमिकेनं नव्या राज्याचा कणा मोडला, असं मला वाटतं. बाकीचं त्यानंतर सावकाश घडत गेलं.

1993 च्या निवडणुकीत समाजवादी तिसऱ्या क्रमांकावर घसरले, अल-बीद रुसून एडनला जाऊन बसले, आणि 1994 च्या एप्रिलअखेरीस त्या उशाशी ठेवलेल्या पलटणी एकमेकींवर तुटून पडल्या. युद्ध दोन महिने चाललं. दक्षिण हरली, आणि ती फक्त उत्तरेकडून हरली नाही. सालेहच्या बाजूनं संरक्षणमंत्री म्हणून युद्ध चालवत होते मन्सूर हादी, आणि त्यांच्यासोबत 1986 साली हाकलले गेलेले अब्यान-शब्वाचे सैनिक. आठ वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता करायला ते आले होते. शिवाय अफगाणिस्तानातून परतलेले जिहादी होतेच. एडनची बिअरची फॅक्टरी त्यांनी जाळली. 7 जुलै 1994 रोजी एडन पडलं आणि लुटलं गेलं, दरवाजे-खिडक्यांसकट. मग दक्षिणेचे हजारो अधिकारी सक्तीनं घरी बसवले गेले, तुटपुंज्या पेन्शनवर. 2007 साली याच पेन्शनरांनी रस्त्यावर येऊन ‘हिराक’ म्हणजे चळवळ सुरू केली. त्याआधी वर्षभर, 13 जानेवारीच्या तारखेलाच, एडनमध्ये जुन्या वैऱ्यांनी एकत्र येऊन परस्परांना क्षमा करण्याची प्रथा सुरू केली होती. तिचं नावच ‘समेट आणि क्षमा’. ती मनापासूनची होती, यावर माझा विश्वास आहे.

उत्तरेतल्या तड्याची गोष्ट त्याच काळात वर येत होती. 1962 नंतर सय्यद घराण्यांची मानमर्यादा गेली. झैदींच्या मूळ गडात, सादा भागात, सौदी वळणाचे सलफी मदरसे उभे राहिले. त्याला उत्तर म्हणून नव्वदीच्या दशकात झैदी तरुणांची शिबिरं सुरू झाली आणि त्यांतून हुसेन अल-हूथी यांची चळवळ उभी राहिली. सालेहनं आधी तिला हात दिला, मग 2004 साली तिच्यावर फौज घातली. हुसेन मारले गेले. त्यानंतर 2010 पर्यंत युद्धाच्या सहा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीनंतर हूथी अधिक बळकट होऊन निघाले. येमेनवर राज्य करणं म्हणजे सापांच्या डोक्यांवर नाचणं, असं सालेह म्हणत असे. ते साप त्यानंच पाळले होते, हे तो सांगत नसे.

2011 चा उठाव, तवक्कुल करमान यांना नोबेल, सालेहची माघार, हादींची एकाच उमेदवाराची ‘निवडणूक’, 565 प्रतिनिधींची राष्ट्रीय संवाद परिषद आणि सहा प्रांतांचं संघराज्य करण्याचा कागद: हे सारं पुढं सविस्तर येईल. 21 सप्टेंबर 2014 रोजी हूथींनी सना घेतलं ते त्याच सालेहच्या मदतीनं, ज्यानं त्यांच्यावर सहा वेळा फौज घातली होती. 26 मार्च 2015 रोजी सौदी आघाडीची विमानं आली. एप्रिलमध्ये भारतानं साडेचार हजारांहून अधिक नागरिक तिथून सोडवून आणले, त्या कामावर गेलेल्या युद्धनौकांत ‘आयएनएस मुंबई’ होती. 4 डिसेंबर 2017 रोजी, हूथींशी फाटल्यावर, सालेह त्यांच्याच गोळ्यांना बळी पडला.

आणि दक्षिण? तिथं 2017 साली ऐदरूस अल-झुबैदी यांनी संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळावर दक्षिणी संक्रमण परिषद स्थापन केली. ते दालीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिच्या फौजांनी एडन घेतलं ते हूथींकडून नव्हे, तर हादींच्या सरकारकडून, आणि हादी अब्यानचे. पुढं वर्षभर लढाईची आघाडी अब्यानमध्ये शुक्राजवळ रेंगाळत राहिली. एका बाजूला दाली-याफाची पोरं, दुसऱ्या बाजूला अब्यान-शब्वाची. 1986 साली त्यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2021 अखेरपर्यंत या युद्धानं 3 लाख 77 हजार जीव घेतले, त्यांतले सुमारे 60 टक्के गोळीबॉम्बनं नव्हे, तर भूक, रोगराई आणि दवाखान्यांअभावी. 2022 च्या एप्रिलमध्ये शस्त्रसंधी झाली, हादींनी सत्ता आठ जणांच्या मंडळाकडे सोपवली. दोन मध्यवर्ती बँका झाल्या, एक सनाची, एक एडनची. सनानं जुन्याच नोटा धरून ठेवल्या, एडननं छापलेल्या नव्या नोटा तिथं चालत नाहीत. दोन्हींवर नाव एकाच बँकेचं आणि एकाच देशाचं, किंमत मात्र वेगळी.

शेवटी वाचकासाठी एक व्यवहाराची सूचना. या पुस्तकात तारखा फार आहेत, आणि त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. येमेनी माणूस इतिहास तारखांनीच बोलतो. सनाच्या लष्कराच्या वृत्तपत्राचं नाव ‘26 सप्टेंबर’, एडनच्या दैनिकाचं ‘14 ऑक्टोबर’. 7 जुलै हा सालेहच्या काळात सनाच्या राज्यकर्त्यांचा विजयदिन होता आणि एडनचा काळा दिवस. 21 सप्टेंबर हा आता सनाच्या सरकारी उत्सवाचा दिवस आहे, आणि पाचच दिवसांनी येणारा 26 सप्टेंबर, प्रजासत्ताकाचा, अवघड झाला आहे. 2023 साली त्या दिवशी झेंडे घेऊन सनाच्या रस्त्यांवर निघालेल्या पोरांना हूथींनी धरून नेलं.